घड्याळ मागे गेलं तेव्हाच मी उठायला हवं होतं: एक्डिस कोर्सच्या नावाखाली गेलेले १,७५,२०० रुपये

घरच्यांना खरा आकडा गेल्या आठवड्यात सांगितला, म्हणून आता उघड लिहितोय. जहाजावर नोकरी लावतो म्हणणाऱ्या एजंटला दिलेले एक लाख पंच्याहत्तर हजार दोनशे रुपये. २,५०० रजिस्ट्रेशन. ३४,००० दोन टाइप-स्पेसिफिक एक्डिस कोर्सचे (जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशाच्या ठराविक मशीनचं प्रशिक्षण), एकाचे १७,००० प्रमाणे. १८,७०० परदेशी फ्लॅगच्या एन्डॉर्समेंटचे (परदेशात नोंदलेल्या जहाजावर काम करायच्या मान्यतेचे), जे कधी आलंच नाही. आणि १,२०,००० ‘जॉइनिंग प्रोसेसिंग’चे. त्यातले ७०,००० रोख दिले, पावती नाही. एक लाख गावच्या पतसंस्थेतून काढले होते आणि जामीन माझे भावोजी आहेत. आता कुठल्याही कार्यात ते समोर आले की माझी मान खाली जाते.

मी अडाणी नाही, हे आधी सांगतो, कारण पोलीस स्टेशनपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी मला तसंच वागवलं. रत्नागिरी जिल्ह्यातला आहे, वडील खलाशी होते. सेकंड मेटची ओरल पहिल्या फटक्यात पास झालो, थर्ड ऑफिसर म्हणून दोन जहाजं केली. मग कंपनीने जहाजं विकली आणि मी चौदा महिने घरी बसलो. त्यातच वडिलांची बायपास झाली. ज्या कंपनीत सीव्ही टाकावा तिथून एकच उत्तर: आमच्या जहाजावर अमुक मेकचं एक्डिस आहे, त्याचं टाइप-स्पेसिफिक सर्टिफिकेट आहे का? नाही? मग कळवतो.

जहाजावर नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक्डिस म्हणजे कागदी नकाशांच्या जागी आलेली इलेक्ट्रॉनिक चार्टची यंत्रणा. २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने ती मोठ्या जहाजांवर सक्तीची झाली. ती शिकायचा मूळ कोर्स चाळीस तासांचा, म्हणजे पाच दिवसांचा. तो मी मान्यताप्राप्त संस्थेत रीतसर केलेला आहे. पण प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, मेनू वेगळे, अलार्म बंद करायची बटणंसुद्धा वेगळी. म्हणून ज्या मशीनवर वॉच, म्हणजे जहाज चालवण्याची पाळी, करायचा त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. हे प्रशिक्षण खरोखरच लहान असतं, काही ठिकाणी ऑनलाइनही होतं. त्यामुळे एजंट जेव्हा म्हणाला, “सर, दोन्ही मिळून दीड दिवसात होईल,” तेव्हा मला वावगं वाटलं नाही. खोट्याच्या आत एक खरी गोष्ट असते आणि माणूस तिलाच धरून बसतो.

एजंट मराठीच होता. “सर, तुम्ही कोकणातले, मी पण कोकणातला, तुमच्याकडून जास्त घेणार नाही.” नवी मुंबईत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर जगाचा नकाशा, काचेच्या दारावर आरपीएसएल (खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा) नंबर. मी तो नंबर डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाज वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, यादीत तपासला. होता. खराच होता, पण दुसऱ्याच कंपनीचा. यादीत कंपनीचं नाव आणि पत्ता शेजारीच लिहिलेला असतो. मी फक्त नंबर पाहिला आणि समाधान मानलं. नंबर बघून थांबू नका. नाव, पत्ता जुळवा आणि यादीत दिलेल्या फोनवरच फोन करा, व्हिजिटिंग कार्डावरच्या नाही.

आता तो दिवस.

‘सिम्युलेटर’ म्हणजे एका खोलीत तीन लॅपटॉप आणि भिंतीवर मोठा टीव्ही. आम्ही पाच जण होतो. शिकवणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणत होते. सर्व्हर सिंगापूरला आहे, इथून लाइव्ह जोडलंय, असं त्याने सांगितलं. पडद्यावर सिंगापूर स्ट्रेटमधून एक जहाज चाललेलं. माझ्या हातात माउस दिला. मी तो हलवला तर पडद्यावर दोन बाण दिसले. एक माझा, तो हलत होता. दुसरा माझ्या हाताशिवाय फिरत होता, मेनू उघडत होता, बंद करत होता. मी विचारलं तर म्हणाला, “तो इन्स्ट्रक्टरचा.” पण इन्स्ट्रक्टर दारात उभा राहून फोनवर बोलत होता.

उजव्या कोपऱ्यात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ दिसत होती. चहाला उठलो तेव्हा ०९:३१ होते. परत येऊन बसलो आणि माझ्या डोळ्यांदेखत घड्याळ ०८:४७ वर गेलं. जहाजही मागे, त्याच बॉयच्या (पाण्यातल्या तरंगत्या खुणेच्या) आधी. जो टँकर आम्ही ओव्हरटेक केला होता तो पुन्हा पुढे. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ संपून पहिल्यापासून सुरू झाला होता, दुसरं काही नव्हतं. मी दर वॉचला जीपीएसची वेळ पाहून लॉगबुकात लिहिणारा माणूस. वेळ मागे जात नाही हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी विचारलंही, “कॅप्टन, टाइम मागे कसा गेला?” तो म्हणाला, “सर्व्हर स्लो आहे, रिसेट झालंय.” बाकीचे चौघे माझ्याकडे असे बघत होते की हा उगाच वेळ खातोय. मी गप्प बसलो. तोवर माझे ३६,५०० गेले होते. तिथून उठलो असतो तर उरलेले १,३८,७०० वाचले असते. रात्री झोप लागत नाही ती या हिशेबाने.

आणि एवढंच नव्हतं. मी म्हटलं, चार्टचं वीकली अपडेट आणि चार्ट उघडायचं परमिट कसं लोड करायचं ते या मशीनवर दाखवा. कॅप्टन म्हणाला, “ते जहाजावर सेकंड मेट करतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” मी सेकंड मेट म्हणूनच जाणार होतो! नोकरीच त्या हुद्द्याची होती. चार्ट अद्ययावत ठेवणं, पॅसेज प्लॅन (प्रवासाचा मार्ग) काढणं हे माझं काम असणार होतं, आणि मला शिकवणारा सांगत होता की ते दुसरं कोणीतरी करेल.

सेफ्टी काँटूर, म्हणजे जिच्या अलीकडचं उथळ पाणी धोक्याचं धरायचं ती खोलीची रेषा. तिच्याबद्दल तर त्याने जे सांगितलं ते ऐकून आजही रक्त तापतं. “डिफॉल्ट राहू द्या, मशीनला कळतं.” मशीनला काहीही कळत नाही. तुम्ही आकडा दिला नाही तर ते तीस मीटर धरतं. समजा ड्राफ्ट (जहाज पाण्यात जेवढं बुडतं ते) ९.८ मीटर, स्क्वॉट (वेगामुळे आणखी जेवढं खाली बसतं ते) ०.७, आणि कंपनीने तळाखाली १.५ मीटर पाणी ठेवायला सांगितलंय. बेरीज १२. तुम्ही १२ लावता, पण त्या चार्टमध्ये १० आणि २० च्याच रेषा असतील तर मशीन आपसूक २० ची, म्हणजे पुढची खोल रेषा घेतं. मग १२ ते २० मधलं चालण्याजोगं पाणीही धोक्याच्या रंगात दिसतं, आणि नेमकं कुठून जाता येईल ते सेफ्टी डेप्थ लावून, एकेक साउंडिंग (चार्टवरचा खोलीचा आकडा) वाचून ठरवावं लागतं. हे ज्याला माहीत नाही त्याने मुंबई बंदराच्या तोंडाशी ३० ठेवून बघावं, सगळा पडदा निळा होतो आणि अलार्म थांबत नाही. सतत वाजणारा अलार्म माणूस शेवटी ऐकायचा सोडून देतो.

१८ सप्टेंबर २०१३ ला ओव्हिट नावाचा केमिकल टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीत व्हार्न बँकवर चढला. रोटरडॅमहून निघाला होता. आखलेला मार्गच थेट त्या वाळूच्या पट्ट्यावरून गेला होता. तो नवख्या ज्युनिअर ऑफिसरने काढलेला आणि कॅप्टनने तपासला नव्हता. एक्डिसचा आवाजी अलार्म चालत नव्हता. जहाज रुतलंय हे वॉचवरच्या ऑफिसरला कळायला १९ मिनिटं लागली. ब्रिटिश तपास यंत्रणेने अहवालात म्हटलं की त्या अधिकाऱ्यांना मिळालेलं प्रशिक्षण यंत्र नीट वापरण्याइतकं नव्हतं. मी तर व्हिडिओ बघून आलेलो. रात्री बारा ते चारचा वॉच मी कशाच्या जोरावर केला असता?

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्टिफिकेट हातात आलं. होलोग्राम, क्यूआर कोड, सही, सगळं. क्यूआर स्कॅन केला की एक वेबसाइट उघडायची आणि माझं नाव दिसायचं. ती वेबसाइटही त्यांचीच. सर्टिफिकेटवर छापलेल्या लिंकवरून सर्टिफिकेट कधीही तपासू नका. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून ट्रेनिंग सेंटर शोधा आणि नंबर मेल करून विचारा. निघताना एजंट आणखी २२,००० मागत होता, ‘एस-१००’ या एक्डिसच्या नव्या मानकाच्या अपग्रेडसाठी, म्हणे जानेवारी २०२६ पासून सगळ्यांना लागणार. साफ खोटं. १ जानेवारी २०२६ पासून नव्या मानकाची एक्डिस वापरायला परवानगी आहे, सक्ती १ जानेवारी २०२९ पासून आणि तीही नव्याने बसवल्या जाणाऱ्या यंत्रांना. एवढ्या एका गोष्टीला मी नाही म्हटलं.

जॉइनिंग १२ तारखेला. मग २८. मग “कॅप्टन बदलतोय, पुढच्या पोर्टला.” मग फोन बंद.

तरी मला वाटलं, पैसे गेले, सर्टिफिकेट तर आहे. ते घेऊन दुसऱ्या, चांगल्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो. तिथल्या सुपरिंटेंडंटने नंबर थेट मशीन कंपनीला मेल केला. दोन दिवसांनी मला बोलावून दार लावून घेतलं. “असा नंबरच नाही त्यांच्याकडे. हे पुन्हा कुठे दाखवू नकोस, तुझं सीओसी (अधिकारी म्हणून काम करायचा परवाना) जाईल.” आवाज चढवला नाही त्यांनी. तेच जास्त लागलं. फसवला गेलेला मी, आणि खोटं सर्टिफिकेट दाखवणाराही मीच ठरत होतो.

आता पोलीस. पहिल्या स्टेशनात सांगितलं, ऑफिस आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात म्हणाले, पैसे तुम्ही गावाहून ट्रान्सफर केलेत, गावाला द्या तक्रार. गावाला म्हणाले, घटना मुंबईची. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. हे मी प्रिंट काढून नेलं. ठाणे अंमलदाराने कागद बाजूला सारला आणि म्हणाला, “अहो, कोर्स झाला ना तुमचा? सर्टिफिकेट पण मिळालं. मग फसवणूक कसली? हे सिव्हिल मॅटर आहे.” घड्याळाचं, दोन बाणांचं मी तीनदा समजावलं. “मग तेव्हाच का नाही उठलात?” हा प्रश्न त्याने विचारला. मी स्वतःला रोज विचारतो, पण त्याचं काम तो विचारणं नव्हतं, लिहून घेणं होतं!

ज्या सरकारी कार्यालयाकडून काहीतरी होईल अशी आशा होती तिथे चार खेपा घातल्या. प्रत्येक खेप म्हणजे रात्रीची एसटी, एक दिवस आणि हजारभर रुपये. पहिल्यांदा अर्ज इनवर्डला द्या. दुसऱ्यांदा साहेब टूरवर. तिसऱ्यांदा अर्ज सापडत नाही, पुन्हा द्या. चौथ्यांदा साहेब भेटले आणि म्हणाले, ही संस्था आमच्या यादीत नाही, त्यामुळे तिच्यावर कारवाई करण्याचा आम्हाला अधिकार नाही. यादीत नाही म्हणूनच तर तक्रार करतोय ना! परवाना असलेल्याने चूक केली तर परवाना जाईल, आणि ज्याने परवानाच घेतला नाही तो मोकळा. हा कुठला न्याय? ईमेलला आलेला तक्रार क्रमांक पाच महिन्यांनी ‘निकाली’ दाखवतोय. काय निकाल लागला ते कुठेच लिहिलेलं नाही.

बँकेने सांगितलं, उशीर झाला, पैसे त्याच दिवशी पुढे गेलेत. इथे चूक माझी. महिनाभर मी लाजेने कोणाला बोललोच नाही. शंका आली की त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, लाज नंतर वाटू द्या. रोख तर एक रुपयाही देऊ नका. आणि नोकरी लावण्याचे पैसे मागितले की तिथेच उठा. २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे खलाशाकडून प्लेसमेंटचे पैसे घेता येत नाहीत. मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदणीपुस्तक), पासपोर्ट एवढाच खर्च आपला. हे मला माहीत होतं. ‘प्रोसेसिंग’ असा वेगळा शब्द वापरला आणि मी तो मान्य केला, कारण मला जहाज हवं होतं.

त्या खोलीतल्या पाचांपैकी एकाला मात्र त्यांनी खरंच पाठवलं. रायगडकडचा पोरगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. आखातात फिरणाऱ्या एका लहान टँकरवर आहे, तेच सर्टिफिकेट घेऊन. मी त्याला मेसेज केला की तुझ्या एक्डिसवर सेफ्टी काँटूर किती लावलाय ते आधी बघ. नऊ दिवसांनी रेंजमध्ये आल्यावर त्याचं उत्तर आलं: “दादा, ३० वर आहे. खूप वाजायचं म्हणून बझरची वायर आधीच्या माणसाने काढून ठेवलीय. कुठल्या मेनूत बदलायचं?”

त्याच्या मशीनचा मेनू मला माहीत नाही. मॅन्युअल ब्रिजवर असतं, ते उघड, चीफ ऑफिसरला सांग, वायर आजच्या आज लावून घे, असं लिहिलंय. मेसेज गेलाय, अजून वाचलेला दिसत नाही.