शेजारी बसण्याचे पैसे: सगळ्यांचे भरायचे, एकाचे भरायचे की कुणाचेच नाही?

स्वस्त तिकीट हाती लागलं की पुढच्याच पानावर विमानाचा नकाशा उघडतो आणि प्रत्येक सीटवर किमतीचा एक आकडा दिसतो. खाली बारीक अक्षरांत 'सीट न निवडता पुढे जा' असतं, आणि त्यावर बोट ठेवलं की लगेच इशारा: तुम्ही वेगवेगळे बसण्याची शक्यता आहे. सीट निवडण्याचा हा आकार, म्हणजे शुल्क, माणशी असतो आणि प्रत्येक उड्डाणाला वेगळा. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट असेल तर तो आठ वेळा लागतो. मध्ये विमान बदलायचं असेल तर सोळा वेळा. तिकिटावर जे वाचवलं ते इथे सहज परत जाऊ शकतं.

आपल्यापुढे तीन वाटा असतात. सगळ्यांच्या सीट विकत घ्यायच्या, एखाद-दुसरीच घ्यायची, किंवा काहीच न भरता चेक-इनला जे मिळेल ते घ्यायचं. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांना पहिली वाट महाग पडते आणि तिसरी वाटते तितकी धोक्याची नसते. मधल्या वाटेचा मात्र फारसा कुणी विचारच करत नाही.

आधी तिसरी वाट बघू, कारण भीती तिचीच घातली जाते. पैसे न भरणाऱ्यांना सीट 'रँडम' मिळते असं कंपन्या सांगतात. खरोखरच चिठ्ठ्या टाकून सीट दिल्या तर काय होईल? 180 सीटच्या विमानात, एका रांगेत तीन-तीन अशा मांडणीत, एकमेकींना चिकटून असलेल्या 120 जोड्या असतात. दोन सीटच्या एकूण जोड्या होतात 16,110. म्हणजे दोघं शेजारी येण्याची शक्यता शंभरात एकही नाही. प्रत्यक्षातलं चित्र अगदी उलट आहे. ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, 2018 साली चार हजारांहून अधिक प्रवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. सीटचे जादा पैसे न भरलेल्यांपैकी सुमारे 18 टक्के लोक सोबत्यांपासून वेगळे बसले होते. उरलेले फुकटात एकत्र! तेव्हा सॉफ्टवेअर एका बुकिंगमधल्या माणसांना साधारणपणे जवळच ठेवतं. प्रश्न असतो तो कुठली कंपनी किती ठेवते याचा.

आणि इथे फरक मोठा आहे. त्याच पाहणीत रायनएअर या आयर्लंडच्या स्वस्त विमान कंपनीत वेगळे बसलेल्यांचं प्रमाण 35 टक्के होतं, तर फ्लायबी आणि मोनार्क या ब्रिटिश कंपन्यांत 12 टक्के. (या दोन्ही कंपन्या आता बंद पडल्या आहेत, त्याचा संबंध सीटशी लावू नका.) आकडे जुने आहेत, पण कंपनीगणिक धोरण बदलतं हे त्यातून स्पष्ट दिसतं. 2017 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने रायनएअरच्या चार उड्डाणांत चार-चार जणांचे गट पाठवले, तर सगळ्यांना मधलीच सीट मिळाली. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता 54 कोटींत एक, असं गणित संख्याशास्त्रज्ञाने मांडलं. खिडकीच्या आणि आयलच्या (ये-जा करायच्या वाटेलगतच्या) सीट पैसे देणाऱ्यांसाठी राखून ठेवतो, हा कंपनीचा खुलासा. म्हणजे फुकटवाल्याला मिळतो तो विकून उरलेला माल. खिडकीची सीट शेवटपर्यंत विकता येते, मधली सहसा कुणी मागत नाही, म्हणून ती आधी वाटून टाकतात.

हे लक्षात आलं की चेक-इन कधी करायचं हेही ठरतं. ईझीजेट या ब्रिटिश स्वस्त कंपनीत सीट न घेताही उड्डाणाच्या 30 दिवस आधी चेक-इन करता येतं. रायनएअरवर सीट घेतली नसेल तर शेवटच्या 24 तासांतच. जिथे खिडक्या आणि आयल हातचे राखून ठेवले जातात, तिथे लवकर चेक-इन करणाऱ्याच्या वाट्याला वेगवेगळ्या रांगांतल्या मधल्या सीट येतात. उशिरा करणाऱ्याला कधीकधी न विकली गेलेली खिडकी लाभते. यावरून 'शेवटच्या क्षणी चेक-इन करा' असा सल्ला फिरत असतो. एकट्यादुकट्याने तो जुगार खेळायला हरकत नाही. पण विमान जादा बुक झालेलं असेल तर सीट नसलेलाच आधी अडकतो. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं सोबत असताना मी हा सल्ला कुणालाही देणार नाही.

मुलांच्या बाबतीत पैसे भरण्याआधी नियम बघा, कारण पुष्कळ ठिकाणी ही सोय फुकट मिळायलाच हवी. कॅनडाचा नियम सगळ्यांत नेमका आहे: पाच वर्षांखालचं मूल पालकाच्या अगदी शेजारी, 5 ते 11 वर्षांचं त्याच रांगेत आणि मध्ये फार तर एक सीट, 12-13 वर्षांचं फार तर एक रांग सोडून, आणि यासाठी जादा आकार नाही. भारतात डीजीसीएने (विमान वाहतूक नियामकाने) 2024 मध्ये सांगितलं की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या (बुकिंग क्रमांकावरच्या) आई-वडील किंवा पालकांपैकी किमान एकाजवळ सीट द्यावी. इटलीत 2021 पासून तसाच आदेश आहे. अमेरिकेत परिवहन खात्याने कुठली कंपनी हमी देते आणि कुठली देत नाही याचा तक्ताच 2023 मध्ये जाहीर केला. रायनएअरने 2016 मध्ये वेगळीच युक्ती काढली: 12 वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने सीट विकत घ्यायलाच हवी, मग चार मुलांपर्यंत सीट फुकट. अशा ठिकाणी दुसऱ्या पालकाची सीट घेणं ऐच्छिक उरतं. अपंग प्रवाशासोबत मदतनीस असेल तर युरोपीय महासंघाच्या 2006 च्या नियमानुसार त्याला शेजारची सीट देण्याचा शक्य तेवढा प्रयत्न कंपनीने करायला हवा. ते मात्र आधी कळवावं लागतं.

या सगळ्याला एक अट आहे: सगळे एकाच बुकिंगवर हवेत. आजी-आजोबांचं तिकीट एकाने काढलं, बाकीच्यांचं दुसऱ्याने, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते परके लोक.

आता मधली वाट. समजा दोघं आहेत आणि एकाचीच सीट घ्यायची आहे. कुठली घ्यावी? आयल किंवा खिडकी. मधली अजिबात नको. सोबत्याला फुकटात बहुधा कुठल्यातरी रांगेतली मधली सीट मिळणार. तुम्ही खिडकीत बसलात तर तुमच्या शेजारचा माणूसही मधल्या सीटवर, आणि बऱ्याचदा तोही पैसे न भरलेला. त्याला मधलीच्या बदल्यात मधली द्यायची आहे, त्याचं काही जात नाही. 'जरा तिकडे बसता का, आम्ही दोघं एकत्र आहोत' एवढं म्हटलं की काम होतं. याउलट तुम्ही दोघंही मधल्या सीटवर असाल तर कुणालातरी पैसे मोजून घेतलेली खिडकी सोडायला सांगावं लागेल, आणि तो 'नाही' म्हणाला तर चूक त्याची नाही. मागायचंच असेल तर सगळे चढून झाल्यावर, आणि क्रूला विचारून. तिघं असतील तर मात्र सौदा अवघड होतो, दोन अनोळखी माणसांना एकदम हलवावं लागतं.

सगळ्यांच्या सीट घेण्यात अर्थ कधी आहे? प्रवास लांबचा, रात्रीचा, सोबतीला आधार लागणारं माणूस, किंवा विमानाची खरोखर धास्ती असलेलं कुणी. तेव्हा पैसे भरून मोकळं व्हावं. दोन तासांच्या उड्डाणात मात्र धडधाकट नवरा-बायको चार रांगा दूर बसले म्हणून संसार मोडत नाही. काहींना तर तेवढीच झोप मिळते. जाताना आणि येताना एकच निर्णय घ्यायची सक्तीही नाही. रात्रीच्या उड्डाणाला सीट घ्या, दिवसाच्या उड्डाणाला सोडून द्या.

पैसे भरण्यापूर्वी आणखी एक हिशोब करून बघा. बॅग घ्यायचीच असेल तर बॅग आणि सीट धरून येणारं वरच्या दर्जाचं तिकीट आणि साधं तिकीट अधिक बॅग, यांच्यातला फरक काढा. तो कधीकधी इतका थोडा असतो की सीट जवळजवळ फुकट पडते. त्याच बेरजेशेजारी नेहमीच्या मोठ्या कंपनीचा भावही ठेवा, पण तिथेही गाफील राहू नका. त्यांच्या सर्वांत स्वस्त तिकिटावरही आता बऱ्याचदा सीट निवडायचे पैसे लागतात. अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने 2024 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार पाच कंपन्यांनी 2018 ते 2023 या काळात सीटच्या शुल्कातून 12.4 अब्ज डॉलर मिळवले. त्या पाचांत स्पिरिट आणि फ्रंटियर या स्वस्त कंपन्या होत्या, तशा डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या मोठ्या कंपन्याही होत्या.

सीट घेतलीच तर पावती जपून ठेवा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी बुकिंग पुन्हा उघडून बघा. ऐनवेळी विमान बदललं की सीटचे क्रमांक बदलतात, आणि पैसे भरलेलं कुटुंबही विखुरतं. असं झालं तर सीटच्या शुल्काचा परतावा मागता येतो, पण तो बऱ्याचदा आपणहून मिळत नाही, अर्ज करावा लागतो. अर्जासोबत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सीट-क्रमांकांचे स्क्रीनशॉट जोडले तर उत्तर लवकर येतं.