ऑस्मो पॉलिक्स-ऑइल: लाकडी फरशीला दोन पातळ हात

लाकडी फरशीवर पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर थर धरणारं) पॉलिश मारायचं की तेल मुरवायचं, हे घासकाम सुरू होण्याआधी ठरायला हवं. जर्मनीतल्या ऑस्मो कंपनीचं पॉलिक्स-ऑइल मुरणाऱ्यांपैकी आहे. सूर्यफूल, सोयाबीन अशी वनस्पती तेलं आणि कार्नौबा, कँडेलिला ही कडक मेणं त्यात असतात. तेल लाकडाच्या रंध्रांत उतरतं, मेण वर टिकतं. साग किंवा ओकची भरीव फरशी असेल तर आमची पसंती यालाच. पीयूवर खोल चरा पडला की बहुतेक वेळा सगळी खोली घासावी लागते. इथे तेवढीच पट्टी घासून तेवढ्याच पट्टीला तेल देता येतं आणि जोड सहसा दिसत नाही.

जुन्या पीयू किंवा मेलामाइन (तसंच वर थर धरणारं) पॉलिशवर मात्र हे लावू नका. मुरायला वाव नसल्यामुळे ते वरच चिकट राहतं. आधीचं पॉलिश पूर्ण काढायचं आणि शेवटचा पॉलिश पेपर १२० ते १५० नंबरचा घ्यायचा. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल आत कमी जातं. घासताना तारेची घासणी वापरू नये. साग आणि ओकमध्ये टॅनिन हे नैसर्गिक तुरट द्रव्य असतं, लाकडात अडकलेल्या लोखंडाच्या कणांना ओल लागली की त्याच्यामुळे काळे डाग उमटतात.

बिघडतं ते बहुतेक जाड हातामुळे. एका लिटरमध्ये एका हाताला सुमारे २४ चौरस मीटर, म्हणजे साधारण २५८ चौरस फूट फरशी व्हायला हवी. या हिशेबाने ७५० मिलीच्या डब्यात दोन हात धरून जेमतेम ९७ चौरस फूट होते. दहा बाय दहाच्या खोलीला डबा थोडा कमी पडेल, पण म्हणून दुसरा हात टाळू नका. डबा तळापासून ढवळा. चमक कमी करणारी पूड खाली बसते, आणि न ढवळता लावलं तर कुठे चकचकीत, कुठे मंद अशी ठिगळं दिसतात. ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने ओढत राहायचं.

दोन हातांमध्ये ८ ते १० तास जाऊ द्यावेत, हवा खेळती असेल तर. पावसाळी दमट हवेत हा वेळ बराच वाढतो, म्हणून कोकणात किंवा मुंबईत हे काम हिवाळ्यात काढलेलं बरं. सागात स्वतःचं तेल असल्याने त्याला आणखी सबुरी लागते. आधी एखाद्या कोपऱ्यात लावून बघा. पूर्ण पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गालिचे अंथरू नयेत आणि ओला पोछा फिरवू नये.

एक गोष्ट जिवाशी येऊ शकते. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर वाळताना तयार होणारी उष्णता आत कोंडते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. कामगारांना हे कामाच्या आधीच बजावून सांगा.

तेलाने लाकूड भिजल्यासारखं गडद होतं. सागावर ते सुरेख दिसतं. मेपलसारखं फिकट लाकूड पिवळसर होतं, ते टाळायला याच तेलाचा ३०४४ नंबरचा प्रकार आहे.

रोज मऊ झाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर पोछा पुरतो. पुसताना कापड घट्ट पिळलेलं असावं, आणि सोडा, व्हिनेगर, फिनेल यांपैकी काहीही पाण्यात घालू नये. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा, पण त्या अधूनमधून बदला, कारण त्यात रुतलेली वाळू पॉलिश पेपरसारखीच फरशी घासते. दाराशी आणि ओट्यासमोर झीज आधी दिसते. तिथे पाण्याचा थेंब गोल न राहता पसरून मुरू लागला की फरशी स्वच्छ करून, कोरडी करून, एक पातळ हात द्या. लाकूड काळं पडायच्या आत दिलं तर घासावंही लागत नाही.