टॅटू लेझरने काढताना: पूर्ण पुसावा, फिका करावा की कापून काढावा?

टॅटू काढून टाकायचा विचार मनात आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न यंत्राविषयी असतो: नवे पिको लेझर घ्यावे की जुने क्यू-स्विच्ड चालेल? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी पक्के करायला हवे. टॅटू मागमूसही न उरता घालवायचा आहे, त्या जागी दुसरा काढता येईल इतपत फिका करायचा आहे, की एका बारीक व्रणाच्या मोबदल्यात एकदाच कापून टाकायचा आहे? या तिन्ही मार्गांना लागणारा वेळ, त्यांतला त्रास आणि शेवटी कातडीवर जे उरते ते इतके निरनिराळे आहे की हे ठरवल्याशिवाय यंत्राची चर्चा निष्फळ ठरते. माझ्या दंडावरच्या काळ्या-हिरव्या टॅटूवर सध्या लेझरचे उपचार चालू आहेत, त्यामुळे पुढच्या तुलनेत माहितीबरोबर थोडा अनुभवही आला आहे.

शाई जाते कशी, आणि इतका वेळ का लागतो

टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थरात नसते. ती त्याखालच्या अंतस्त्वचेत असते. शरीरातील भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, पण मोठे कण त्यांना पचवता येत नाहीत की दूर वाहून नेताही येत नाहीत. उंदरांवर केलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की अशी पेशी मरते तेव्हा तिच्यातून सुटलेले कण त्याच जागी आलेली नवी पेशी पुन्हा गिळते. आपल्याला वर्षानुवर्षे स्थिर वाटणारे चित्र आत असे हातोहात सांभाळले जात असते.

लेझर या साखळीवर घाव घालते. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली मांडलेले तत्त्व असे की योग्य तरंगलांबीचा प्रकाश पुरेशा कमी वेळासाठी सोडला तर तो रंगीत कणालाच तापवतो आणि उष्णता आजूबाजूच्या कातडीत पसरण्याआधीच थांबतो. कण फुटून त्याचे बारीक तुकडे होतात आणि मग भक्षक पेशी त्यांतले काही तुकडे लसीका वाहिन्यांवाटे दूर नेतात. यंत्राचे काम काही मिनिटांत संपते. खरी सफाई पुढचे अनेक आठवडे शरीर करत राहते. म्हणूनच दोन सिटिंगमध्ये सहसा किमान सहा ते आठ आठवडे ठेवतात. इटलीत 352 जणांवर झालेल्या आणि 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतर ठेवलेल्यांना कमी यश आलेले दिसले. घाई करून दर महिन्याला जाण्यात पैसा आणि कातडी दोन्ही खर्ची पडतात, आणि तारखा पुढे ढकलायला सांगणारा डॉक्टर बहुधा आपल्या हिताचेच सांगत असतो.

सिटिंगमध्ये प्रत्यक्ष काय होते

सुमारे तासभर आधी भूल देणारी क्रीम लावून वर प्लास्टिकचे आवरण घालतात. मोठ्या भागावर ही क्रीम घरच्या घरी मनाने थापू नये, कारण तिच्यातील औषध कातडीतून रक्तात जाते. डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा चढतो, थंड हवेची नळी जवळ येते आणि मग टिक-टिक असा कोरडा आवाज सुरू होतो. प्रत्येक ठोक्यागणिक गरम तेलाचा शिंतोडा उडावा तशी चुणूक जाणवते. लेझर फिरले त्या रेषा डोळ्यांदेखत पांढऱ्या पडतात. हा पांढरेपणा कणांच्या एकाएकी तापण्याने तयार झालेल्या सूक्ष्म बुडबुड्यांचा असतो आणि साधारण वीस मिनिटांत ओसरतो. पहिल्यांदा तो पाहून टॅटू जागच्या जागी गेल्यासारखे वाटते. तो ओसरल्यावर रेषा पुन्हा जशाच्या तशा दिसतात, आणि याची कल्पना आधी दिलेली नसेल तर मन खट्टू होते.

नंतर लाली, सूज आणि बऱ्याचदा फोड येतात. फोड फोडायचे नाहीत, खपली ओढायची नाही, मलम लावून जागा झाकून ठेवायची आणि उन्हापासून जपायची. फिकेपणा कुठून सुरू होतो हे पाहण्यासारखे असते. आधी हलक्या छटा विरतात, मग बारीक रेषांच्या कडा धूसर होतात आणि जाड बाह्यरेषा सर्वांत शेवटपर्यंत टिकून राहतात. रोज आरशात पाहून हा बदल कळत नाही. दर सिटिंगच्या आधी एकाच जागी, एकाच प्रकाशात फोटो काढून ठेवले तरच तो नजरेत भरतो, आणि उपचार पुढे चालू ठेवायचे की नाही हे ठरवतानाही हेच फोटो उपयोगी पडतात.

क्यू-स्विच्ड की पिको

क्यू-स्विच्ड लेझरचा ठोका काही नॅनोसेकंदांचा असतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. पिको लेझरचा ठोका त्याहूनही लहान, काहीशे पिकोसेकंदांचा असतो, आणि एका नॅनोसेकंदात हजार पिकोसेकंद मावतात. ठोका जितका लहान तितका उष्णतेपेक्षा धक्क्याचा भाग वाढतो, आणि बारीक कण फोडायला हा धक्का अधिक उपयोगी पडतो. टॅटू काढण्यासाठीच्या पहिल्या पिको यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) 2012 साली मान्यता दिली. निळ्या-हिरव्या रंगांवर आणि बरीच सिटिंग होऊनही अडून बसलेल्या शाईवर पिकोचा फायदा स्पष्ट दिसतो.

तरीही ठोक्याच्या लांबीइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे तरंगलांबी, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख क्वचितच असतो. काळा रंग जवळपास सगळ्या तरंगलांबी शोषतो, त्यामुळे तो 1064 नॅनोमीटरवर चांगला जातो. लाल आणि नारिंगीसाठी 532, तर हिरव्या-निळ्यासाठी 694 किंवा 755 नॅनोमीटर लागतात. पिवळा चिवट असतो. म्हणजे ज्या दवाखान्यात 1064 आणि 532 एवढ्याच सोयी आहेत, तिथे हिरवा टॅटू नेला तर यंत्रावर पिको लिहिलेले असले तरी अपेक्षित फळ मिळण्याची शक्यता कमी. माझ्या टॅटूतला काळा भाग चांगला विरला आणि पानांचा हिरवा मागे राहिला, तो याच कारणाने. पुढची सिटिंग 755 असलेल्या यंत्रावर घ्यावी लागली.

कातडीचा रंगही या हिशेबात येतो. सावळ्या आणि गडद कातडीतील मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारे द्रव्य, स्वतःच प्रकाश शोषते. 532, 694 आणि 755 नॅनोमीटरचा प्रकाश ते अधिक शोषते, 1064 चा त्या मानाने कमी. त्यामुळे गडद कातडीवर लहान तरंगलांबीने पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका वाढतो. सावळ्या कातडीवर निव्वळ काळा टॅटू असेल तर अनुभवी हातातील साधे 1064 क्यू-स्विच्ड लेझर ही निवड मला पूर्णपणे योग्य वाटते, आणि तिथे केवळ पिकोच्या नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही. रंगीत टॅटू असेल, किंवा बऱ्याच सिटिंगनंतर प्रगती थांबली असेल, तर मात्र पिकोसाठी थांबावे, लांब जावे लागले तरी जावे.

पूर्ण पुसणे की दुसऱ्या टॅटूसाठी फिका करणे

वर उल्लेख केलेल्या इटालियन अभ्यासात दहा सिटिंगनंतर 47.2 टक्के आणि पंधरा सिटिंगनंतर 74.8 टक्के लोकांचा टॅटू यशस्वीपणे निघाला. हे आकडे क्यू-स्विच्ड लेझरचे आहेत, तरी निर्णय घेणाऱ्याने ते मनाशी धरूनच पुढे जावे. दोन सिटिंगमध्ये दोन महिन्यांचे अंतर धरले तर दहा सिटिंग म्हणजे सुमारे दीड वर्षाचा काळ. धूम्रपान, काळ्या-लालखेरीज इतर रंग, मोठा आकार, पायांवरची जागा आणि गच्च भरलेली शाई यांनी यश घटते, असेही तिथे आढळले. 2009 साली मांडलेली किर्बी-देसाई मोजपट्टी कातडीचा प्रकार, शरीरावरची जागा, शाईचे प्रमाण, रंग, व्रण आणि एकावर एक चढवलेले थर या सहा गोष्टींना गुण देऊन सिटिंगचा अंदाज बांधते. डॉक्टरने या गोष्टी न पाहताच फोनवर सिटिंगचा आकडा सांगितला तर तो अंदाजही नसतो.

पूर्ण पुसण्यात सर्वांत कठीण असतो तो शेवटचा टप्पा. सुरुवातीच्या सिटिंगांत ठळक बदल दिसतो. पुढे तेवढ्याच त्रासात आणि तेवढ्याच खर्चात फरक मात्र थोडा पडत जातो. काहींच्या कातडीवर शेवटी धूसर सावली राहते, काहींची ती जागा आजूबाजूपेक्षा फिकट दिसते. ज्याला नोकरीच्या नियमासाठी किंवा मनातून तो विषय संपवण्यासाठी टॅटू घालवायचा आहे, त्याच्यासाठी हा टप्पा टाळण्याजोगा नाही, आणि त्याने धीर धरून तो पार करावाच.

ज्याला टॅटू या प्रकाराचा कंटाळा आलेला नाही, फक्त ते चित्र किंवा ते नाव नको झाले आहे, त्याने फिके करून कव्हर-अप, म्हणजे जुन्यावर नवा टॅटू, करण्याचा विचार गंभीरपणे करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या मार्गाला पूर्ण पुसण्याच्या मानाने बरीच कमी सिटिंग पुरतात, कारण लेझरला फक्त सुरुवातीचे, झपाट्याने होणारे काम करायचे असते. लेझरशिवायचे कव्हर-अप बहुधा जुन्यापेक्षा मोठे आणि गडद करावे लागते; आधी फिके केले तर कलाकाराला मोकळीक मिळते आणि नव्या चित्रात हलके रंगही वापरता येतात. मोठ्या चित्रातले एखादे नावच तेवढे विरवून बाकीचे ठेवणेही शक्य असते. त्यासाठी टॅटू काढणारा कलाकार लेझर सुरू होण्याआधीच गाठावा, म्हणजे कुठला भाग किती फिका लागेल हे तो नेमके सांगू शकतो. शेवटच्या सिटिंगनंतर मात्र कातडी पूर्ण सावरेपर्यंत काही महिने सुई लावू देऊ नये.

या मार्गाची एक अडचण आहे. नवा टॅटूही पुढे नकोसा झाला तर आता तिथे शाईचे दोन थर असतील, आणि थर वाढले की काढणे अवघड होते. नव्या चित्राविषयी मनात किंचितही चलबिचल असेल तर कव्हर-अप करू नये.

कापून काढणे

टॅटू लहान असेल आणि तिथली कातडी सैल असेल तर शस्त्रक्रिया हा उत्तम मार्ग ठरू शकतो. शाई सगळ्या रंगांसकट एकाच दिवशी जाते, दोन वर्षे वाट पाहावी लागत नाही; त्याच्या बदल्यात टाक्यांची रेघ कायमची राहते. थोडा रुंद टॅटू असेल तर काही महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्यानेही कापतात. केलॉइड, म्हणजे जखमेपलीकडे वाढत जाणारा जाड व्रण, होण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी, विशेषतः छाती आणि खांद्यावरच्या टॅटूसाठी, हा मार्ग टाळावा.

एका बाबतीत मात्र शस्त्रक्रियेचा विचार लेझरच्या आधी व्हायला हवा. टॅटूतला लाल भाग खाजत असेल, सुजून उंच झाला असेल, तर ती शाईची ॲलर्जी असू शकते. अशा शाईवर लेझर मारल्यास सुटलेले कण शरीरभर ॲलर्जी उठवू शकतात.

बाकीच्या उपायांवर फार थांबण्याची गरज नाही. टॅटू घालवणारी म्हणून विकली जाणारी क्रीम अंतस्त्वचेपर्यंत पोचत नाहीत, आम्लाचे प्रकार पोचतात ते कातडी जाळतच, आणि केस काढण्यासाठी वापरतात ते आयपीएल यंत्र टॅटूवर मारले तर भाजल्याचा व्रण राहू शकतो.

ठरवण्याआधी डॉक्टरला काय सांगावे आणि काय विचारावे

ओठ किंवा भुवयांवरच्या सौंदर्यप्रसाधनाच्या टॅटूत, तसेच पांढऱ्या, कातडीच्या रंगाच्या आणि फिकट गुलाबी शाईत आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते, आणि लेझर लागताच ती काळीठिक्कर पडू शकते. संधिवातासाठी पूर्वी सोन्याचे क्षार घेतलेल्यांची कातडी क्यू-स्विच्ड लेझरने निळसर-करडी होऊ शकते, मग ते औषध घेऊन कितीही वर्षे झाली असोत. गर्भारपण, मुरमांसाठी चालू असलेले आयसोट्रेटिनॉइन, नुकतीच उन्हाने रापलेली कातडी आणि केलॉइडचा इतिहास हे सारे न विचारताही सांगावे.

ठरावीक सिटिंगचे पॅकेज म्हणजे टॅटू जाण्याची हमी नव्हे, त्यामुळे पैसे भरण्याआधी यंत्राच्या तरंगलांबी कोणत्या, आपल्यासारख्या कातडीच्या किती जणांवर हा डॉक्टर काम करतो आणि डाग पडला तर पुढे काय करणार, हे विचारावे. मग टॅटूच्या एका कोपऱ्यात, त्यातल्या प्रत्येक रंगावर, चाचणीपुरता लहानसा ठिपका मारून घ्यावा आणि सहा ते आठ आठवडे थांबावे. टॅटूच्या आत तीळ असेल तर तो आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा, आणि त्या तिळावरून लेझर फिरवू देऊ नये.