सोडा-व्हिनेगरची बाटली की हायड्रोजनचा ड्रॉपर? अकरावीच्या वर्गासाठी कोणतं रॉकेट निवडावं

स्टॉइकिओमेट्री, म्हणजे अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो याचा हिशोब, फळ्यावर न शिकवता काहीतरी उडवून शिकवायची असं ठरवलं, की आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळेत दोनच गोष्टी परवडतात. एक म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरवर उडणारी बाटली. दुसरी, हायड्रोजन आणि ऑक्सिजन भरलेला प्लॅस्टिकचा छोटा ड्रॉपर. मी चार वर्षं बाटली उडवली, गेली तीन वर्षं ड्रॉपर उडवतो आहे. दोन्हींबद्दल जे हाती लागलं ते लिहितो, म्हणजे यंदा ज्यांना ठरवायचं आहे त्यांना सोपं जाईल.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळीवर डबी उडवायचा तिसरा प्रकारही आहे. पण त्या गोळीत आम्ल आणि सोडा कारखान्यातूनच मोजून आलेले असतात. मुलांनी प्रमाण ठरवायला काही उरत नाही, म्हणून तो इथे घेत नाही.

आधी बाटली. तिच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. सगळं सामान किराणा दुकानात मिळतं, मैदानावर अख्खी तुकडी एकाच वेळी कामाला लागते, आणि मुख्य म्हणजे मुलांना वजन करावं लागतं. दुकानातलं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. म्हणजे १०० मिलीमध्ये सुमारे ४ ग्रॅम ॲसिटिक आम्ल, म्हणजे ०.०६७ मोल (मोल हे कणांची ठरावीक संख्या मोजायचं एकक), आणि त्याला पुरेल इतका सोडा ५.६ ग्रॅम. हे गणित मुलं वहीत करतात आणि लगेच तराजूवर ५.६ ग्रॅम मोजतात. ग्रॅमवरून मोलवर जायचं आणि परत ग्रॅमवर यायचं, हा प्रवास बाटलीत जितका स्वच्छ होतो तितका ड्रॉपरमध्ये होत नाही, हे मान्य करायलाच हवं. नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात मोल पहिल्यांदा भेटतो. त्या वयाच्या मुलांना तर मी आजही बाटलीच देईन.

मग मी ती का सोडली? बुचामुळे.

एका वर्षी सहा गट होते. एका गटातल्या मुलीने हिशोब अगदी नेटका केला होता. व्हिनेगरच्या बाटलीवरचं लेबल वाचून, आम्लाचे मोल काढून, सोडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत मोजून टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून आणला होता. तिची बाटली दुमजली इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली. शेजारच्या गटाने पुडी न मोजता दोन चमचे भरून टाकली, बूच मात्र अंगठ्याने दाबून दाबून बसवलं. त्यांची बाटली गच्चीच्या कठड्यापर्यंत गेली. टाळ्या त्यांना मिळाल्या. ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, माझं कुठे चुकलं?”

तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. बाटलीतला दाब बुचाच्या घर्षणाला पुरून उरला की बूच सुटतं. त्या क्षणापर्यंत जेवढा वायू तयार झाला तेवढ्यावरच उड्डाण होतं. उरलेला सोडा बाटली हवेत असताना आणि खाली पडल्यावरही फसफसत असतो. जमिनीवर पडलेल्या बाटलीच्या तोंडातून पांढरा फेस पाच-दहा सेकंद वाहताना तुम्हीही पाहिला असेल. तो फेस म्हणजे ज्याचा हिशोब मुलांनी केला आणि ज्याचा उड्डाणाला काडीचाही उपयोग झाला नाही असा कार्बन डायऑक्साइड. पुरेसा दाब एकदा झाला की सोडा ५.६ ग्रॅम असो की ८, उंचीत मला डोळ्याला दिसेल असा फरक कधीच आढळला नाही. बूच थोडं घट्ट किंवा सैल केलं की मात्र लगेच दिसायचा.

मी उपाय करून पाहिले. सगळ्या गटांना एकाच मापाची रबरी बुचं दिली, बुचावर पेनने रेघ मारून तिथपर्यंतच दाबायचं असा नियम केला. पण ओलं बूच आणि कोरडं बूच यातही फरक पडतो, आणि पहिल्या उड्डाणानंतर सगळीच बुचं ओली. पुडीचा कागद कधी लवकर फाटायचा, कधी उशिरा. काही शिक्षक बाटलीऐवजी तोंडाला फुगा लावून वायू मोजतात. तो प्रयोग चांगला आहे, पण मग रॉकेट राहत नाही. ज्या प्रयोगात बरोबर हिशोब करणारं मूल हरतं, तो प्रयोग त्याच हिशोबाच्या धड्यासाठी वापरायला माझं मन घेईना.

ड्रॉपरकडे मी वळलो तो त्यामुळे. प्रयोगशाळेतला साधा प्लॅस्टिकचा ड्रॉपर घ्यायचा, फुगीर भागाखाली दोन सेंटिमीटर नळी ठेवून बाकीची कापून टाकायची. आमच्याकडच्या ड्रॉपरमध्ये एकूण ४.२ मिली पाणी मावतं. सिरिंजने ०.७ मिली पाणी घालत गेलं आणि प्रत्येक वेळी मार्करने रेघ मारली की सहा सारखे भाग होतात. मग तो पाण्याने भरून, तोंड खाली करून, बुडबुडे आत घ्यायचे: आधी हायड्रोजन हव्या त्या रेघेपर्यंत, मग ऑक्सिजन. तोंडाशी सेंटिमीटरभर पाणी मुद्दाम राहू द्यायचं. ते पाणीच ठिणगी पडल्यावर मागे फेकलं जातं आणि ड्रॉपर पुढे जातो. ठिणगीसाठी स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर. त्याची पुढची पत्र्याची नळी काढून दोन बारीक तारा जोडल्या, की टोकं ड्रॉपरच्या नळीत बसतात.

उडवायच्या आधी मी फळ्यावर एक तक्ता काढून घेतो. हायड्रोजनचे भाग आणि ऑक्सिजनचे भाग १:५, २:४, ३:३, ४:२, ५:१. जळताना हायड्रोजनच्या दोन भागांना ऑक्सिजनचा एक भाग लागतो. प्रत्येक जोडीत आधी काय संपेल, आणि हायड्रोजनचे किती भाग खरोखर जळतील? मुलं काढतात: १, २, ३, ४, आणि शेवटी पुन्हा २. चढत जाऊन एकदम घसरणारी ही आकड्यांची ओळ फळ्यावर राहू द्यायची आणि मग ड्रॉपर उडवायचे. १:५ चा ड्रॉपर लायटरवरून जेमतेम निसटतो. ३:३ चा पुढच्या दोन बाकांवरून जातो. ४:२ चा मागच्या भिंतीवर आपटतो, आणि आवाजही फटाक्यासारखा कोरडा येतो. मग ५:१. मुलांना वाटत असतं की हायड्रोजन इंधन आहे, जास्त घातलं की जास्त जाणार. तो येऊन पडतो २:४ च्या जवळपास. तक्त्यात दोन्हींपुढे २ च लिहिलेलं असतं. आमच्याकडे त्या दोघांत हात-दीड हाताचं अंतर पडलं. लिमिटिंग रीएजंट (आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ) म्हणजे काय हे त्यानंतर मला समजावून सांगावं लागलेलं नाही.

१८०८ साली गे-लुसॅकने वायू साध्या पूर्णांकी आकारमानांत एकमेकांशी संयोग पावतात हे मांडलं, आणि १८११ साली ॲव्होगाड्रोने त्यामागचं कारण सुचवलं. पुस्तकात ही दोन वाक्यं कोरडी वाटतात. हातात सहा रेघांचा ड्रॉपर धरलेल्या मुलाला तीच वाक्यं चार आणि दोन रेघांत दिसतात.

वायू तयार करतानाही हिशोब होतो, आणि ड्रॉपरमधली वजनाची उणीव तिथे बरीचशी भरून निघते. वर्गात वीस ड्रॉपर उडवायचे तर हायड्रोजन जास्तीत जास्त ६० मिली लागेल असं धरू. हायड्रोजन जस्तावर आम्ल टाकून काढायचा, तर त्याला जस्त किती? सुमारे ०.१६ ग्रॅम. प्रयोगशाळेतला जस्ताचा एक खडासुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतो, हे कळल्यावर मुलांचा चेहरा पाहण्यासारखा असतो. ऑक्सिजनसाठी औषधाच्या दुकानातली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणतो. तिच्यावर ‘६ टक्के’ आणि ‘२० व्हॉल्यूम’ असे दोन आकडे असतात. १ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन निघतो, असा दुसऱ्याचा अर्थ. ६ टक्क्यांवरून २० येतात का ते काढून बघा, एवढंच मी सांगतो. १०० मिलीत ६ ग्रॅम, ३४ ने (पेरॉक्साइडच्या एका मोलचे ग्रॅम) भागून मोल, त्याचे निम्मे मोल ऑक्सिजनचे, आणि २२.४ ने (एका मोल वायूचे लिटर) गुणलं की लिटर. १०० मिलीमागे १.९८ लिटर, म्हणजे १ मिलीमागे जवळजवळ २०. जखमेवर लावायच्या औषधाच्या लेबलवर आपलाच धडा छापलेला आहे, हा शोध मुलांना खूप आवडतो.

ड्रॉपरचे त्रास नाहीत असं मुळीच नाही. तयारीला पाऊण तास जातो. तारा ओल्या झाल्या की ठिणगी पडत नाही, त्या पुसत बसावं लागतं. पहिला हायड्रोजन हवामिश्रित असतो, तो सोडून द्यावा लागतो. ८० मुलांची तुकडी असेल तर चार-चार बॅचेस पाडाव्या लागतात, आणि सगळ्या कॉलेजांना ते जमेल असं मी म्हणणार नाही. शिवाय काही गोष्टींत तडजोड चालत नाही. डोळ्यांवर चष्मे हवेतच, वायू तयार करायच्या परीक्षानळ्या ठिणगीच्या टेबलापासून दूर, वर्गाच्या दुसऱ्या टोकाला हव्यात, आणि भांडं ड्रॉपरपेक्षा मोठं कधीच घ्यायचं नाही. “सर, बाटलीत भरून बघू या का” असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. काचेची असो की प्लॅस्टिकची, उत्तर ठाम नाही.

तुमच्याकडे वेळ कमी, मुलं जास्त आणि प्रयोगशाळा सहाय्यक नसेल, तर बाटलीच बरी असं मला वाटतं. फक्त तिच्या उंचीवरून हिशोबाचं बरोबर-चूक ठरवू नका, पुडीचं वजनच तपासा. पण सातआठ ड्रॉपर उडवण्याइतका एक प्रॅक्टिकलचा तास मोकळा करता येत असेल, तर तो ड्रॉपरला द्या.

आणखी एक कारण आहे. बाटलीवरून मुलांचे प्रश्न बुचाकडे जातात. ड्रॉपरवरून ते खऱ्या रॉकेटकडे जातात. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यातलं सीई-२० इंजिन द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजनवरच चालतं. आमचं ४:२ हे प्रमाण वजनात मांडलं तर हायड्रोजनच्या १ ग्रॅमला ऑक्सिजन ८ ग्रॅम. इस्रोचं इंजिन मात्र १ ला सुमारे ५ घेतं. गेल्या वर्षी एका मुलाने हे कुठेतरी वाचून विचारलं, “मग सर, इस्रोवाले हायड्रोजन वाया का घालवतात?” आम्ही तो अख्खा तास त्यावर घालवला. न जळलेला हायड्रोजन हलका असतो, त्यामुळे मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचं सरासरी वजन कमी होतं आणि तो जास्त वेगाने बाहेर पडतो. इंजिनही थोडं कमी तापतं. तास संपल्याची घंटा झाली तरी तो मुलगा फळ्यावरच्या तक्त्यात ४:२ आणि ५:१ यांच्या मधे आणखी एक रेघ ओढत उभा होता.