निगेटिव्ह स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: अल्बममध्ये नसलेले अण्णा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन दीड महिना झाला तेव्हा मी हा स्कॅनर घेतला, आणि खरं सांगायचं तर चुकीच्या कामासाठी घेतला. डोक्यात होतं ते अल्बम स्कॅन करणं. सुट्ट्यांमधल्या सहलींचे सात अल्बम, सगळे आईच्या कपाटात. ते एकदा फोनवर आले की आई, दादा, मी, तिघांनाही हवे तेव्हा बघता येतील, एवढाच हिशेब. झाकणात दिवा असलेलं, निगेटिव्हही (रोल धुतल्यावर मिळणारी उलट्या रंगांची फिल्म) स्कॅन करणारं मॉडेल घेतलं ते केवळ "असू दे, कधी लागलं तर" म्हणून. आज आठ महिन्यांनी त्या झाकणासाठीच हा अनुभव लिहिते आहे. कंपनीचं नाव देत नाही. या वर्गातली यंत्रं कामाला बरीचशी सारखी आहेत आणि त्यांच्या खोडीही सारख्याच.

आधी एक गोष्ट, जी मला दुकानात कोणी सांगितली नव्हती. घरच्या प्रिंटरवर जो स्कॅनर असतो तो बहुधा सीआयएस प्रकारचा, म्हणजे काचेला अगदी लागून टिपणारा असतो. काचेला चिकटलेला सपाट कागद तो छान टिपतो, पण अर्धा सेंटिमीटर वर उचललेली वस्तू धूसर येते. त्यामुळे पोक आलेला जुना फोटो त्यावर नीट येत नाही, आणि निगेटिव्हचा तर प्रश्नच नाही, कारण तिला पलीकडून प्रकाश लागतो. सीसीडी प्रकारचं, म्हणजे भिंगातून टिपणारं यंत्र जाडजूड, अवजड असतं, पण जुन्या फोटोंचं काम असेल तर तेच घ्यावं.

अल्बमचं काम तीन आठवड्यांत उरकलं. छापील फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात किती टिपके टिपायचे तो आकडा) पुरतं. ४ बाय ६ इंचाच्या फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात, त्याहून जास्त तपशील त्या कागदात बहुतेक वेळा नसतोच. त्रास झाला तो चिकट पानांच्या अल्बमांचा. पानावर डिंकाचे पट्टे आणि वर प्लॅस्टिक, असे जे अल्बम एकेकाळी घरोघरी होते ना, ते फोटोंचे शत्रू. कोपऱ्याला धरून ओढलं की फोटो दुमडतो. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवायचा, मग सुटतो. दोन फोटो तरीही सुटले नाहीत. ते पानासकट स्कॅन केले. बरेच रंगीत फोटो तांबूस झाले होते, ते सॉफ्टवेअरमध्ये थोडे सुधारले.

सगळं संपल्यावर मी नुसतं मोजलं. सात अल्बम, चारशे बारा फोटो, त्यात अण्णा चार. कॅमेरा त्यांच्याच गळ्यात असायचा, त्यामुळे ते कमी असणार हे माहीत होतं. पण चार? आणि त्यातल्या एकात चष्मा आणि कपाळ एवढंच.

मी हे आईला म्हटलं तर ती शांतपणे म्हणाली, "अगं, ते स्वतःच काढून टाकायचे ना. रोल धुऊन आला की आधी निगेटिव्ह उजेडाला धरून बघायचे आणि ज्यांच्या प्रिंट हव्यात त्यांच्यावर खुणा करायचे. स्वतःचे नको म्हणायचे. उगीच खर्च." मग माळ्यावरून बुटांचं खोकं निघालं. एकसष्ट पाकिटं, प्रत्येकावर अण्णांच्या अक्षरात एखादा शब्द. "धरण". "समुद्र, सगळे". "किल्ला (पाऊस)".

निगेटिव्हचं काम फोटोंसारखं भराभर होत नाही हे आधीच सांगते. चार-चार, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवायच्या, ब्लोअरने धूळ उडवायची, मग काचेवर ठेवायच्या. माझ्या चौकटीत एका वेळी बारा फ्रेम बसतात. २४०० डीपीआय आणि धूळ-सफाई (चित्रातली धूळ आपोआप पुसायची सोय) चालू ठेवली तर बारा फ्रेमना पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. ३६ फ्रेमचा रोल म्हणजे एक अख्खी संध्याकाळ. खोक्यावर ६४०० डीपीआय असं ठसठशीत छापलंय म्हणून पहिला रोल मी तसा केला. एकेक फाइल दीडशे एमबीच्या वर गेली, लॅपटॉप रडकुंडीला आला आणि मोठं करून पाहिलं तर तपशील तेवढाच, फिल्मचे दाणे फक्त फुगलेले. सपाट काचेच्या यंत्राची भिंगं खोक्यावरच्या आकड्याइतकी बारकाई टिपत नाहीत. २४०० वर ३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमचे पाऊण कोटीहून थोडे जास्त पिक्सेल मिळतात. फोनवर, टीव्हीवर, किंवा घरात लावायच्या प्रिंटला ते भरपूर आहेत.

पहिल्या दिवशीची फजितीही सांगून टाकते. पहिली पट्टी स्कॅन झाली, अण्णा दिसले, मी धावत आईला दाखवायला गेले. तिने दोन क्षण पाहिलं आणि म्हणाली, "हे घड्याळ उजव्या हाताला कसं?" पट्टी पालथी बसवली होती. आरसा लावल्यासारखं सगळं उलटं. तेव्हापासून मी एका रोलची सुरुवात केली की एखाद्या गाडीची पाटी, दुकानाचं नाव, काहीतरी वाचता येतंय ना ते बघते. काहीच नसेल तर आई आहे.

धूळ-सफाईबद्दल. ती इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालते: रंगीत फिल्ममधले रंग तो प्रकाश आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे मात्र तो अडवतात, म्हणून यंत्राला धूळ कुठली ते कळतं. रंगीत निगेटिव्हवर ही सोय फार उपयोगाची. पण जुन्या कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कण असतात आणि तेही इन्फ्रारेड अडवतात. यंत्राला मग सगळं चित्रच धूळ वाटतं. आईच्या तरुणपणाच्या एका रोलमध्ये तिचं नाक आणि साडीचे काठ या सोयीने चक्क पुसले. कृष्णधवल असेल तर ती बंदच ठेवा आणि धूळ हाताने काढा.

आता मुख्य तक्रार, जिच्यातून मला सगळ्यात मोठी गोष्ट सापडली. सॉफ्टवेअर फ्रेम आपणहून ओळखून कापतं. भर उन्हातल्या फ्रेम बरोबर कापतं, पण काळोखी, हललेली, कोरी वाटणारी फ्रेम त्याला फ्रेमच वाटत नाही आणि ते ती गाळतं. "धरण" या पाकिटात मला सतरानंतर एकदम एकोणीस मिळाली. हे कळलं कारण फिल्मच्या कडेवर फ्रेमचे आकडे छापलेले असतात आणि मी फाइलला तोच आकडा देत होते.

धरणाच्या त्या सहलीची आमच्या घरात एक गोष्ट आहे. दादा आठ वर्षांचा, दगडावर उभा, पाय घसरून पाण्यात पडला. अल्बममध्ये लागोपाठ दोन फोटो आहेत: दगडावर हात पसरून उभा दादा, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला रडका दादा. त्यावरून आम्ही अण्णांना जन्मभर चिडवलं की पोरगं पडलं आणि तुम्ही फोटो काढत बसलात. ते हसायचे. एकदाही खुलासा केला नाही. मीही माझ्या मुलीला ही गोष्ट तशीच, तेवढ्याच चवीने सांगितली होती.

ऑटो बंद करून मी अख्खी पट्टी हाताने निवडली. अठरा नंबरमध्ये तिरकं झालेलं आकाश, खाली पाण्याची एक चमकती रेघ, आणि कडेला अर्धवट, प्रचंड मोठी, हललेली चपलेची टाच. कॅमेरा गळ्यात तसाच, बोट बटणावर तसंच, आणि माणूस पळत सुटलेला. कोणीही प्रिंट काढली नसती अशी फ्रेम. अण्णांनीही त्यावर खूण केली नव्हती.

दादाला ती पाठवली. त्याचं उत्तर चार तासांनी आलं, तेही "मोठी फाइल पाठव" एवढंच.

त्यानंतर मी ऑटो कापणं कायमचं बंद केलं. प्रत्येक पट्टी पूर्ण, फ्रेममधल्या काळ्या फटींसकट. वेळ जास्त जातो. पण आठ महिन्यांत जे जे मोलाचं मिळालं ते बहुतेक सगळं या गाळसाळीतलं आहे. विशेषतः रोलच्या शेवटाला. सहलीहून परत आल्यावर रोलमध्ये तीन-चार फ्रेम उरायच्या, आणि धुवायला द्यायची घाई असायची, म्हणून घरीच काहीतरी काढून रोल संपवायचा. त्या फ्रेममध्ये सहल नाही. वेणी घालणारी आई आहे. दारातली स्कूटर आहे. पालथी झोपलेली मी आहे. आणि कधी कधी आम्ही मुलांनी "मी काढतो, मी काढतो" करून ओढलेल्या कॅमेऱ्यातले अण्णा: बनियनवर, वाकडे, डोकं कापलेले, एकदा तर नुसते गुडघे. आतापर्यंत त्रेपन्न रोलमधून अण्णांच्या एकतीस फ्रेम सापडल्या. एकाही फ्रेममध्ये ते फोटोसाठी उभे राहिलेले नाहीत. आजारपणातला त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्याच्या शेजारी आता हे वाकडे, हसणारे, "अरे बटण दाबू नको, फिल्म वाया जाईल" म्हणताना तोंड उघडं राहिलेले अण्णाही आले.

तारखांचा घोळ मात्र मोठा आहे. स्कॅनर फाइलला स्कॅन केल्याची तारीख देतो, त्यामुळे फोनमध्ये १९८० च्या दशकातली आई या मार्च महिन्यात जाऊन बसते. एक्झिफटूल किंवा डिजिकॅम या सॉफ्टवेअरमध्ये फोटो काढल्याची तारीख बदलता येते. दोन्ही फुकट आहेत. दिवस माहीत नसेल तर मी १ जानेवारी टाकते आणि वर्णनात "अंदाजे" लिहिते. फोटोच्या कोपऱ्यात छापलेल्या नारिंगी आकड्यांवर विसंबू नका. आमच्या कॅमेऱ्यात सेल बदलल्यावर तारीख परत लावायची राहून गेली असावी, त्यामुळे १९९० साली जन्मलेली माझी आतेबहीण ८७ सालच्या फोटोत रांगते आहे.

यंत्राच्या खोडींत पहिली म्हणजे प्रत्येक फोटोवर वरपासून खालपर्यंत एक बारीक रंगीत रेघ येऊ लागली. मी यंत्र बिघडलं समजून सेवाकेंद्राला फोन लावला, तिथे अर्धा तास संगीत ऐकलं. कारण निघालं काचेच्या वरच्या टोकाला पडलेला धुळीचा एक कण. यंत्र स्कॅनआधी तिथे स्वतःचा प्रकाश जुळवून घेतं. तिथे कचरा असला की त्याची रेघ अख्ख्या चित्रभर उतरते. मऊ कोरड्या फडक्याने पुसलं, गेली. दुसरी खोड चौकटीची. प्लॅस्टिक इतकं हलकं आहे की चौथ्या महिन्यात एक खिटी तुटली. तेव्हापासून रबरबँड लावून काम चाललंय. वळलेली फिल्म तिच्यात सपाट बसत नाही, मध्येच पोक येतो आणि त्या फ्रेमचा मध्य धूसर दिसतो. अशा पट्ट्या मी आठवडाभर जाड पुस्तकाखाली ठेवते. तिसरं, रंग. सॉफ्टवेअर दर फ्रेमला स्वतंत्र रंग ठरवतं, म्हणून एकाच समुद्राच्या सलग चार फ्रेम चार रंगांच्या. व्ह्यूस्कॅन हे स्कॅनिंगचं वेगळं सॉफ्टवेअर घेतल्यावर एका फ्रेमवर रंग पक्का करून बाकीच्यांना तोच लावता आला, पण त्याचे पैसे वेगळे.

एक पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. अॅसिटेट या प्लॅस्टिकची फिल्म कुजू लागली की तिच्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं आणि शेजारच्या पट्ट्यांनाही ते लागतं. तो रोल आधी स्कॅन केला आणि बाकीच्यांपासून दूर ठेवला. तुमच्याही खोक्यात असा वास येत असेल तर क्रम मोडून तिथूनच सुरुवात करा. प्रती तीन ठेवल्या आहेत: लॅपटॉपवर, बाहेरच्या डिस्कवर, आणि एक डिस्क दादाच्या घरी. मूळ निगेटिव्ह टाकलेल्या नाहीत. "आता स्कॅन झाल्या ना, मग कशाला?" असं वहिनी म्हणाली. तिचा पसाऱ्याचा मुद्दा खरा आहे, पण खोकं मी माझ्या घरी आणलं.

घ्यावा का? फक्त अल्बमचे फोटो असतील तर एवढा खर्च आणि एवढी जागा नको. साधा सीसीडी स्कॅनर कोणाकडून तरी महिनाभर मागून आणा. निगेटिव्ह असतील आणि संध्याकाळी मोकळ्या असतील तर घ्या. वीस-पंचवीस रोलहून कमी असतील तर बाहेर देणं सोयीचं, पण देताना "कोरी, हललेली, जळालेली, सगळ्या फ्रेम द्या" असं लिहून घ्या, नाहीतर ते लोक भल्या हेतूने अठरा नंबर गाळतील.

आठ रोल बाकी आहेत. शनिवारी "समुद्र, सगळे" मधल्या चोविसाव्या फ्रेममध्ये मागे पाठमोरी उभी असलेली बाई कोण यावरून आई आणि आत्या यांचं फोनवर वाजलं. आई म्हणाली, तू ते आकडे वाढवून कर ना परत. मी सांगितलं, काही उपयोग नाही, पण ऐकेना. ३२०० वर केली. बाई होती तेवढीच, दाणे मोठे. आईने लॅपटॉप जवळ ओढला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "चेहरा राहू दे. पायाकडे ने जरा."