भाड्याच्या न्हाणीघरात उजेड: एलईडी पट्टी की चार्जिंगचा दिवा?

रत्नागिरी-मालवणकडे भाड्याच्या घरात ड्रिल चालवलं की मालक डोळे वटारणार, म्हणून आरशामागे चिकटवायची एलईडी पट्टी आधी मनात भरते. दिसते झकास. पण खाऱ्या हवेत तिचे तांब्याचे जोड हिरवे पडतात आणि पावसाळ्यात ओल्या भिंतीवरून पट्टी सुटून लोंबायला लागते. लावायचीच तर सिलिकॉनचं आवरण असलेली, आयपी६५ची (म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी), १२ व्होल्टची घ्या. टाइल स्पिरिटने पुसून चिकटवा, अडॅप्टर मात्र बाहेरच. चार्जिंगचा सेन्सर दिवा (माणसाची हालचाल झाली की आपोआप लागणारा) एवढा नखरेल नाही. पण वीज गेली (आणि जूनमध्ये ती जातेच) की तोच कामाचा. घर सोडताना काढून पिशवीत टाकला की झालं. माझं मत त्यालाच. ३००० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर बघा, ६५००च्या पांढऱ्यात लहान न्हाणी अगदी दवाखाना वाटते.