ब्रेन्स फॉर डिमेन्शिया रिसर्च: मेंदूदानाची सेवा कशी आहे?

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश; त्याच्या संशोधनासाठी मेंदूदान घेणारा हा उपक्रम ब्रिटनमध्ये 2007 मध्ये सुरू झाला. त्याची खरी ताकद दात्यांच्या हयातीतल्या मुलाखतींत आहे. मृत्यूनंतर मेंदू मिळतो. पण हयातीत ठरावीक अंतराने स्मृती, भाषा, वागणूक तपासलेली असेल तरच पेशींतला बदल माणसाच्या विसरण्याशी जोडता येतो. निरोगी माणसांचे मेंदूही तितकेच हवे असतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

मुलाखतीला जवळचा माणूस सोबत हवाच. "पैशांचे व्यवहार कोण बघतं? तोच प्रश्न परत विचारतात का?" याची उत्तरं तोच देतो. घरात मराठी बोलणाऱ्या आजींच्या इंग्रजी चाचणीतले गुण जपूनच वाचावेत.

अडचण येते ती मृत्यूनंतरच्या दोन-तीन दिवसांत. मेंदू शक्यतो 48 ते 72 तासांत काढावा लागतो. निधन शुक्रवारी रात्री झालं, कागद अडले किंवा प्रकरण कॉरोनरकडे (मृत्यूचं कारण तपासणारा अधिकारी) गेलं, की वेळ हातातून जातो. म्हणून मेंदूदानाच्या समन्वयकाचा नंबर फ्रिजवर लावा, मुलांना आधीच सांगा. नेहमीच्या अवयवदान नोंदणीत हे येत नाही. संमती वेगळी द्यावी लागते.

छेद डोक्याच्या मागे, केसांत झाकला जातो. अंत्यदर्शनाला अडचण नाही. साधारणपणे मेंदूचा अर्धा भाग उणे 80 अंशांवर गोठवतात, अर्धा फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रवात ठेवतात. निदानाचा अहवाल मागितल्यास कुटुंबाला मिळतो, पण महिनोन्‌महिने थांबावं लागतं. ही वाट पाहणं जड जातं. समन्वयकाने मधे एक फोन करायलाच हवा.